पत्र्याची टोपी आणि पाइनचा फलक

१४ जून
ठरले. घर विकायचे. मेरीबरोतले आमचे हे शंभरी ओलांडलेले लाकडी घर बुटक्या खांबांवर उभे आहे, आणि बायकोच्या, म्हणजे ग्लेनिसच्या, गुडघ्यांना आता जिना सोसत नाही. समुद्रकाठच्या हर्वी बे गावात तिची बहीण नोएलीन राहते. तिच्या शेजारचा तळमजल्यावरचा फ्लॅट वर्षअखेरीस रिकामा होतो आहे. हे घर वेळेत विकले तर तो आमचा. गिऱ्हाईक आले की वाळवीची तपासणी होणारच. आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलेल्या माणसाने तिला घाबरण्याचे कारण नाही. त्यांच्या आधी मीच सारे तपासून ठेवीन.
संकल्प: दर रविवारी टॉर्च घेऊन घराखाली उतरणे. प्रत्येक खांब पाहणे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने प्रत्येक तुळई ठोकून आवाज ऐकणे.

२२ जून
उतरलो नाही. थंडी; दक्षिण गोलार्धात जून म्हणजे ऐन हिवाळा. त्याऐवजी वाचन केले. अभ्यासाशिवाय तपासणी म्हणजे नुसती ठोकाठोक. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर पालथ्या ताटलीसारखी पत्र्याची टोपी असते. ती वाळवीला अडवते, असा सार्वत्रिक गैरसमज आहे. वाळवीला उजेड सोसत नाही. ओल्या जमिनीतून वर चढताना ती मातीची नळी बांधते आणि तिच्या आतून प्रवास करते. टोपी आडवी आली की ती नळी टोपीच्या काठावरून, सर्वांदेखत न्यावी लागते. थोडक्यात, टोपी अडवत नाही, उघडे पाडते. किती देखणा विचार. जेवताना ग्लेनिसला समजावून सांगितला. ती म्हणाली, सॉस इकडे सरकव.

६ जुलै
ग्लेनिस म्हणते, घराखाली रचलेल्या त्या फळ्या आधी टाकून दे. त्या फळ्या नव्हेत, नमुने आहेत, हे तिला सांगितले. ती म्हणाली, नमुना एकच आहे या घरात, आणि तो मी लग्नापासून सांभाळते आहे.
घराखाली उतरणे पुढच्या रविवारी. आज गुडघा दुखत होता. माझाही.

१० ऑगस्ट
मोठी कल्पना सुचली. एकट्याने तपासून काय होणार? सारी गल्लीच जुन्या लाकडी घरांची आहे. सर्वांनाच शिकवले पाहिजे. चार हात उंच फलक तयार केला: वाळवी घरात कशी शिरते, क्रमवार आकृत्यांसह. पाइनचे लाकूड घेतले, कारण रंग छान बसतो. (वाळवीचेही हे अत्यंत आवडते लाकूड; ही टीप फलकावर खाली डाव्या कोपऱ्यात दिली आहे.) वाऱ्याने हलू नये म्हणून खालची वीतभर बाजू नेच्यांच्या वाफ्यात पुरली, वरची बाजू घराच्या भिंतीला टेकवली. कोपऱ्यावरच्या खांबाशेजारी, म्हणजे खरी टोपी छडीने दाखवता येते. दर शुक्रवारी पाच वाजता व्याख्यान.

२२ ऑगस्ट
उपस्थिती उत्तम: शेजारचा डॅरल आणि त्याचा कुत्रा. डॅरलने दोन प्रश्न विचारले. पहिला, ग्लेनिसने भाजलेले स्कोन्स पाव आणखी आहेत का. दुसरा, जॅम संपला का. जिज्ञासा ही अशीच हळूहळू वाढते.

१९ सप्टेंबर
डॅरल आला नाही. कुंपणापलीकडून ओरडून म्हणाला, प्रोफेसर, आज मासे पकडायला चाललोय, माझी हजेरी लावून टाका. कुत्रा मात्र आला.
ग्लेनिस विचारत होती, घराखाली एकदा तरी गेलास का. तिला म्हणालो, सध्या मी सैद्धांतिक टप्प्यावर आहे. तिने नेच्यांना पाणी घातले. वाफा सुरेख ओला राहतो.

२५ ऑक्टोबर
गिऱ्हाईक मिळाले. ट्रेंट आणि किरा, दोघेही इस्पितळात नर्स, पहिलेच घर. किराला व्हरांडा फार आवडला. तपासणी स्वच्छ निघाली की व्यवहार पक्का. ग्लेनिसने लगेच नोएलीनला फोन केला, आणि मग खोकी आणली. तिला गुणगुणताना बऱ्याच दिवसांनी ऐकले.
उद्या घराखाली नक्की.

६ नोव्हेंबर, रात्री
तपासनीस बाई आल्या: जोडी नावाच्या, बोलक्या. ट्रेंट-किरा सोबत होते. घराखाली, छतात, न्हाणीघरात, सगळीकडे ठोकले, ओलावा मोजला. कुठेही काही नाही. शेवटी फलकापाशी येऊन त्या म्हणाल्या, ह्याच्या मागचे दिसत नाही, अडथळा होता असे लिहून टाकते. बाकी घर झकास आहे. ग्लेनिस घाईने म्हणाली, तसेच लिही गं बाई, वर चल, चहा निवतोय.
अडथळा. माझ्या फलकाला. विषय समजावून घेतल्याशिवाय असा शब्द कुणी वापरू नये. मी सर्वांना जवळ बोलावले, टोपीचे तत्त्व थोडक्यात सांगितले, आणि फलक नव्या मालकांना सप्रेम भेट देत असल्याचे जाहीर करून तो उचलला.
वरची बाजू हातात आली. खालची जमिनीतच राहिली. तिथे जे उरले होते त्याला लाकूड म्हणता येणार नाही. फलकाच्या पाठीवरून मनगटाएवढी जाड मातीची नळी सरळ भिंतीत गेली होती. टोपी शेजारीच होती, स्वच्छ, चकचकीत. तिच्याशी कुणाचा काही संबंध आला नव्हता. जोडीबाईंनी भिंतीवर स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो मुठीपर्यंत आत गेला.
जिवंत नमुने समोर असताना गप्प राहणे मला जमत नाही. सैनिक कोणता, कामकरी कोणता, ते दाखवले. किराने ट्रेंटकडे पाहिले. डॅरल कुंपणावरून म्हणाला, प्रोफेसर, शेवटी वर्ग भरला की तुमचा.
ग्लेनिस आत गेली. चहा कुणीच घेतला नाही.

९ नोव्हेंबर
ट्रेंट-किरा यांनी नकार कळवला. अतिशय सभ्य शब्दांत. ग्लेनिस रागावली नाही. भरलेल्या खोक्यांतले एक आणि बॅग घेऊन नोएलीनकडे गेली. जिना उतरताना कठड्याला धरून, एक एक पायरी. मी टोपीविषयी काही बोललो नाही.

२८ नोव्हेंबर, सायंकाळी ५
सवयीने खुर्च्या मांडल्या. डॅरल डोकावला, स्कोन्स नाहीत म्हटल्यावर गेला. कुत्राही गेला. हर्वी बेचा फ्लॅट दुसऱ्या कुणी घेतला, असे कळते.
ग्लेनिसला फोन केला. भिंतीचे काम मार्चपर्यंत चालेल, हे सांगितले. ती म्हणाली, इथे पायऱ्या नाहीत, मी बरी आहे. मग तिला नवी योजना सांगितली: झाल्या प्रकारातून लोकांना पुष्कळ शिकता येईल, तेव्हा दुसरा फलक करतो आहे. या वेळी पत्र्याचा.
तिच्या मागे समुद्राचा आवाज येत होता.
मग म्हणाली, कर. फक्त कशाला टेकवू नकोस.