किमान शिल्लक

आई,

तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि तुझ्याशी बोलायला बसले ती बँकेच्या कामावरून. तुझं कधी खातंच नव्हतं. पगार झाला की तू पैसे पदराच्या गाठीला बांधायचीस आणि घरी येऊन तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवायचीस. मला खातं काढावं लागलं, कारण हे वारले, पुढे दम्यानं माझं खुरपणीचं काम सुटलं आणि निराधार योजनेत माझं नाव लागलं. ते पैसे हातात देत नाहीत, खात्यावर येतात. दरमहा म्हणतात खरं, पण कधी महिना कोरडा जातो आणि मग दोन महिन्यांचे एकदम येतात. मी आता कर्जतला असते, भाड्याच्या एका खोलीत. मुलगी संगमनेरला दिली आहे. तिचं तिलाच पुरत नाही, तिला काय सांगणार.

झालं असं. दम्याचा पंप संपत आला होता. दोन महिने पैसे आले नव्हते, ते आले असं शेजारच्या भाभींनी सांगितलं. भाभींचे मालकही गेले; त्यांना आणि मला एकाच योजनेतून पैसे येतात, बँकही एकच. आम्ही दोघी गेलो. त्यांना पैसे मिळाले. माझ्या वेळी काउंटरवरच्या मुलीनं स्लिप परत सरकवली. "मावशी, एवढी रक्कम नाही खात्यात." मी म्हटलं, आजच तर जमा झालेत. तिनं स्क्रीनकडे बघत सांगितलं, "जमा झाले, पण चार्जेस बाकी होते, ते कापले गेले. मिनिमम बॅलन्स ठेवायला पाहिजे ना तुम्ही." मला आधी कळलंच नाही. तिनं समजावलं, की खात्यात ठरावीक शिल्लक नसली की दंड लागतो, दंड कापायलाही पैसे नसले की तो साठत राहतो, आणि पैसे आले की आधी तो वसूल होतो. शिवाय कार्डाचे वेगळे, मोबाईलवर येणाऱ्या मेसेजचे वेगळे. माझ्या तोंडून निघून गेलं, "शिल्लक ठेवायला असती तर मी निराधार कशाला झाले असते गं?" मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. ती मुलगी हसली नाही. खाली मान घालून म्हणाली, "नियम आहे मावशी."

पंप भाभींच्या पैशांतून आणला. वाटेत त्यांनी त्यांचं पासबुक दाखवलं. त्यात असलं काही कापलेलंच नव्हतं. त्यांचं खातं शून्य शिलकीचं, माझं साधं. खातं काढताना जो कागद पुढे आला त्यावर मी सही केली होती. दुसऱ्या दिवशी त्या बँकेतल्या मुलीला परत विचारलं, तर म्हणाली, की अर्ज केला तर खातं बदलून मिळेल, आणि कापलेलंही थोडंफार परत मिळू शकेल. पण अर्जाला खात्याचा उतारा जोडावा लागेल.

उतारा हातात आला. त्यात नुसते कापलेले पैसे नव्हते. मी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते, त्याचे पैसे बायका माझ्या मुलीनं दिलेल्या जुन्या मोबाईलवर पाठवतात. ती सगळी रक्कम ओळीनं छापलेली. गणपतीच्या आधी जास्त, एरवी अगदी किरकोळ. मला वाटलं, हे कुणी तहसीलला दाखवलं तर? ही बाई निराधार कसली, हिला तर कमाई आहे, असं कुणी म्हणालं तर? भाभी उतारा बघून म्हणाल्या, "कापलेलं जाऊ दे. ते मागायला जाशील आन् येतंय तेबी बंद व्हईल. गप बस." त्या माझ्या भल्याचंच बोलत होत्या. पण ऐकताना मला तूच बोलल्यासारखं वाटलं.

नगरला डॉक्टरांकडे तू स्वयंपाकाला होतीस. मी शाळा सुटल्यावर त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बसायची. एके दिवशी आत तुझ्या पोळ्या चाललेल्या, तव्यावर फुगलेल्या पोळीचा वास येतोय, आणि डॉक्टरांच्या घरच्या काकू लोणच्याच्या फुटलेल्या बरणीचे तुकडे बघत उभ्या आहेत. बरणी त्यांच्या मुलानं फोडली होती, माझ्यासमोर. काकू म्हणाल्या, तुझ्या पगारातून वळते करीन. तू "बरं" म्हणालीस. मी मात्र दारातूनच म्हटलं, "काकू, आईनं नाही फोडली, दादानं फोडली." तू पोळी टाकून आलीस आणि माझा दंड असा दाबलास की दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखत होता. घरी येताना रस्त्यातच बोललीस, "ज्यांच्या जिवावर चूल पेटती त्यांना उलटून बोलायचं न्हाई. आज बरनीचं गेलं, उद्या कामच जाईल. मंग खाशील काय, खरं बोलनं?" सकाळी तू माझ्या वतीनं काकूंची माफी मागितलीस. बरणीचे पैसे त्या महिन्यात कापले गेलेच. मी तुला दोष देत नाही. भीती काय असते ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं, आता आहे. तांदूळ निवडतानाही ती माझ्याबरोबर बसलेली असते.

अर्ज लिहून झाला तरी कितीतरी दिवस पिशवीतच राहिला. बाजारात जाताना बँकेवरून जायची आणि पुढे निघून जायची. मग पुन्हा पैसे आले, पुन्हा कापले गेले, आणि या खेपेला भाभींपुढे हात पसरायची लाज वाटली. गेले. मॅनेजर बाई नवीन होत्या, कोपरगावकडून बदलून आलेल्या. त्यांनी उतारा चाळला. त्यांचं बोट शिवणाच्या पैशांवर आलं की मी ते पुढे सरकेपर्यंत बघत राहायची. त्यांनी पान उलटलं. "हेड ऑफिसला पाठवते. सगळे मिळतील असं नाही," म्हणाल्या आणि अर्ज ट्रेमध्ये टाकला. मी उठले नाही. म्हटलं, "मॅडम, पोच द्या." त्यांनी वर बघितलं. "विश्वास नाही का आमच्यावर?" मी माझी प्रत त्यांच्यापुढे सरकवली. "विश्वास हाय. पन पोच पायजे." त्यांनी शिपायाला हाक मारली, शिक्का मागवला आणि माझ्या प्रतीवर मारून दिला.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. दाराशी गाडी थांबली की वाटायचं, तलाठ्याचा माणूस आला. आणि एकदा खरंच आला. कोतवाल दारातूनच म्हणाला, "तहसीलला बोलीवलंय. आधार कार्ड घेऊन या." का ते त्यालाही माहीत नव्हतं. मी मशीन झाकून ठेवलं, अर्धे शिवलेले ब्लाउज पलंगाखाली सारले. पंप दोनदा ओढला आणि गेले. तिथे बघते तर व्हरांडाभर माझ्यासारख्याच बाया आणि म्हातारी माणसं. दरवर्षीची तपासणी होती, माझी पहिलीच; माणूस जिवंत आहे का, उत्पन्न वाढलं का, एवढं बघायची. भाभीही तिथेच. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझा चेहरा का असा झालाय?" क्लार्कनं मला विचारलं, "दुसरं काही उत्पन्न?" मागे भाभींनी माझा पदर ओढला. पण खोटं बोलायला छातीत तेवढी हवा लागते, ती नव्हती. म्हटलं, "ब्लाउज शिवते." किती मिळतात विचारलं, तेही सांगितलं. त्यानं मनातल्या मनात हिशेब केला. "मर्यादेत बसतंय. सही करा." मी तिथेच उभी. तो वैतागला. "मावशी, एवढ्यावरनं कुनी बंद करत न्हाई. सरका पुढं, लई लोक हायत."

बँकेनं शेवटी दंडाचे काही महिन्यांचे पैसे परत दिले. त्याआधीचे दिले नाहीत, कार्डाचेही नाही. खातं बदलून मिळालं. भाभींचे उसने फेडले. पण आई, काळजी काही गेली नाही. पुढच्या महिन्यात पैसे उशिरा आले तेव्हा मला वाटलं, क्लार्कनं काहीतरी लिहिलंच असणार. भाभींचेही आले नव्हते, हे कळेपर्यंत जेवण गेलं नाही. आताही पैसे आले की त्याच दिवशी सगळे काढून आणते.

एक राहिलं. मॅनेजर बाई शिक्क्याची वाट बघत होत्या तेव्हा मला वाटलं, तू शेजारी असतीस तर म्हणाली असतीस, "राहू द्या मॅडम, पोरगी येडी हाय." आणि मला उठवून घेऊन गेली असतीस. त्या क्षणी, तू नाहीस याचं मला बरं वाटलं. हे पाठवायचं तरी कुठे. तुला वाचता येत नव्हतं; तू असतीस तर मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि हे शेवटचं मी गाळलं असतं.