ढोके सरांचा कान

८ जुलै १९७४, सोमवार
डोकं तडकलंय. मुख्याध्यापकांनी मधल्या सुट्टीत बोलावून कागद पुढे सरकवला. 'संगीत शिक्षक श्री. ढोके यांना ऐकू येत नाही, सबब वर्ग घेण्यास असमर्थ.' खाली चौघा शिक्षकांच्या सह्या. पाचवी माझी हवी. "तुम्ही त्यांच्या विद्यार्थिनी. तुमच्या सहीला वजन आहे, बाई." संगीताची खोली टायपिंगच्या वर्गाला हवी आहे, हे शाळेतल्या घंटेलासुद्धा माहीत. सही केली नाही. कागद तोंडावर फेकलाही नाही. पर्समधे घालून घरी आणला. भित्री कुठली.

९ जुलै
सातवीत मी भिंतीशी उभी राहून गायचे. आमचं घर नुकतंच बौद्ध झालेलं; बेंचवर शेजारी कोणी बसू देत नसे. पहिल्याच तासाला सर म्हणाले, "तिथं काहून उभी वं? इकडे ये, पेटीपाशी." मग सगळ्या वर्गाला, "हिच्या आवाजात आवाज मिळवा." वर्षभर मिळवावा लागला त्यांना. आज पन्नास पोरींपुढे गणित शिकवते ती त्या दिवसाच्या जोरावर. अन् मलाच सही मागतात!

११ जुलै
संगीताच्या खोलीबाहेर थांबून ऐकलं. पोरी पार बेसूर. सर हसून मान डोलवत होते.
कागदातलं खरं आहे. खरं आहे म्हणूनच जास्त संताप. मला एका 'ग'साठी रडवलं होतं याच माणसाने.

१३ जुलै, शनिवार
शाळा सुटल्यावर सरांना गाठलं. ओरडून बोलावं लागलं.
"किती दिवसांपासून?"
"दोन वर्षं झाले."
"सांगितलं काहून नाही?"
"सांगितलं असतं तं त्याच दिवशी घरी बसवलं असतं मले." पेटीवर तळहात ठेवून म्हणाले, "लाकडातून समजते थोडं थोडं."
"काही समजत नाही! पोरी बेसूर गाऊन राहिल्या, सर. माझं चालवून घेतलं असतं तुम्ही?"
माझ्या ओठांकडे बघत होते. त्यांना समजलं. पेटी बंद केली.
"सही करून टाक."
इतकी चीड सरांची कधी आली नव्हती. बरोबर बोलले मी. बरोबरच

१५ जुलै, सोमवार
सर आले नाहीत. कागद मु.अ.ना परत दिला, बिनसहीचा. म्हटलं, माझे मोकळे तास मी सरांच्या वर्गात बसते, पोरी चुकल्या की सरांना खूण करते. "नियमात बसत नाही." खोली बळकावणं बसतं का, विचारलं. माझा आवाज चढला. ते म्हणाले, "तुम्हा लोकांना जरा वर घेतलं की..."
"करा वाक्य पूर्ण."
नाही केलं.
तशीच महाल भागात सरांच्या घरी गेले. काकू दारातच उभ्या. "शाळेत येत नाही म्हणतात. काय बोलली वं तू त्याईले? शनिवारपासून धड जेवले नाही."
"खरं ते बोलले."
काकूंनी बाजूला होऊन वाट दिली नाही. आत सर खुर्चीत, माझ्याकडे पाठ करून. हाक मारली. दोनदा.
ऐकू आलं नाही, की वळायचं नव्हतं?