नको त्या खोक्याकडे

३ जून

चि. धाकटोबास,
अ. उ. आ.

तुझ्या संस्थेचा अहवाल काल पोचला. वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या आठ वर्षांच्या लेकीबद्दल तुम्ही लिहिलंय, 'सूचना समजल्याचं आढळत नाही.' वा! तिला बोलता येत नाही, हात तिचं ऐकत नाहीत, हे सगळ्या जगाला माहीत आहे. पण तिचं डोकं तुझ्या-माझ्यापेक्षा तल्लख आहे, हे तिच्या सख्ख्या मामाच्याच संस्थेला कळू नये?

तूच म्हणाला होतास, ताई, आमचा अभ्यास वेगळा आहे. अपंगत्व असलेल्या आणि नसलेल्या मुलांची समज कशी वाढत जाते ते आम्ही बघतो. बोट दाखवायला नको, तोंड उघडायला नको, नुसतं बघितलं की कॅमेऱ्याला उत्तर कळतं. म्हणून तर मी शाळेला छातीठोकपणे सांगितलं, अहवाल येऊ दे, मग ठरवा. आता मुख्याध्यापिका म्हणतात, हा कागद बघता तिला पुढच्या महिन्यापासून तळमजल्यावर छोट्यांच्या खोलीत बसवावं लागेल. तिथे दिवसभर मणी ओवतात. मैत्रिणी वर आणि ही खाली. आणि मणी ओवायला हिचे हात तरी चालतात का रे?

हे म्हणतात, इतकं रागावून लिहू नकोस. मी म्हटलं, याहून कमी रागावता येत नाही. लोभ अजून आहे, पण त्याच्या जिवावर उठू नकोस.

तुझी, सध्या तरी तुझीच,
ताई

९ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात टेबलाशी बसून वाचलं ही चूक झाली. शेजारच्या बाईंनी विचारलं, बरं नाही का म्हणून.

रागाव, तुझा हक्कच आहे. पण एक ऐक. त्या दिवशी मी काचेमागे उभा होतो. पडद्यावर दोन खोकी येतात, चेंडू एकात जाताना दिसतो, झाकणं लागतात आणि आवाज विचारतो, चेंडू कुठे? मूल ज्या खोक्याकडे जास्त वेळ बघेल ते त्याचं उत्तर, असं यंत्र धरतं. आमच्या राणीसरकारांनी जवळजवळ प्रत्येक वेळी रिकाम्या खोक्याकडे टक लावली. तेच मला खुपतंय. ज्याला काही कळत नाही, त्याची निम्मी उत्तरं तरी नशिबाने बरोबर येतात. इतकं नेमाने चुकायचं तर बरोबर काय ते ठाऊक असायला हवं! या अभ्यासाच्या प्रमुख, आमच्या मॅडम, त्यांना हे बोललो, तर म्हणाल्या, कारण आणा, नुसतं वाटणं नको.

तेव्हा राग जरा बाजूला ठेवून एवढं लिही. घरी तिला दोनांतलं एक निवडायचं असतं तेव्हा ती नेमकं काय करते? अगदी बारीकसारीक हवं. भाऊजींना नमस्कार.

तुझा शिव्या खाऊन पोट भरलेला,
धाकटोबा

१४ जून

चि. धाकटोबास,
अ. उ. आ.

डोंबल बारीकसारीक! हे आमच्या मांजरालाही माहीत आहे. दोन फ्रॉक समोर धरले की जो नको असतो त्याच्याकडे ती बघत राहते, मी तो मागे घेईपर्यंत. तान्ही असताना औषधाचा चमचा दिसला की असे डोळे वटारायची की शेवटी मी चमचा लपवायची. तेव्हापासून तीच आमची भाषा झाली. बघितलं म्हणजे 'हटव'. उरेल ते हवं.

तुमचं यंत्र उलटं चालतं हे मला कोण सांगणार होतं? मला तर काळा चष्मा लावून तिच्या खुर्चीमागे बसवलं होतंत, आईने खुणा करू नयेत म्हणून. पोरगी जीव तोडून सांगत होती, हे रिकामं खोकं हटवा, हटवा! आणि तुम्ही फुल्या मारत होतात. वर्षातून चार दिवस येत असतास तर भाचीची भाषा तुलाही आली असती.

असो. आता उत्तरं उलटी धर आणि अहवाल बदल. शाळा थांबणार नाही. तेवढं केलंस की पूर्वीची माया चालू.

तुझी,
ताई

२० जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र घेऊन मॅडमकडे धावत गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि नाही म्हणाल्या. निकाल हातात आल्यावर नियम फिरवायचा नाही. आज भाचीसाठी फिरवला तर उद्या ज्याला जे हवं ते तो सिद्ध करेल. मी दार आपटून बाहेर आलो. सगळ्यात चीड याची आली की त्यांचं बरोबर आहे. दुसऱ्या कुणाची भाची असती तर मीही हेच म्हणालो असतो.

पण एक वाट निघाली आहे. चेंडू-खोक्यांच्याच नव्या चित्रांवर पुन्हा चाचणी, आणि या वेळी नियम आधीच लिहून ठेवायचा. ती ज्याकडे बघेल ते 'नको', उरलेलं तिचं उत्तर. मी लिहिलाय, मॅडमनी सही केली आहे. मुख्याध्यापिकाही काचेमागे बसायला तयार आहेत. सोमवारी घेऊन या. एवढं पार पडलं की तुझ्या हातचा एक धपाटा पाठीत खायला मी स्वतः येईन.

तुझा,
धाकटोबा

२८ जून

चि. धाकटोबास,
अ. उ. आ.

सोमवारी निघताना तुझं तोंड बघितलं. माझं काय झालं असेल बघ. पहिल्यापासून शेवटपर्यंत ती चेंडूच्याच खोक्याकडे बघत बसली! म्हणजे तुमच्या नव्या नियमाने पुन्हा सगळं चूक. मी अगदी हात टेकले. परतताना मी तिच्याशी एक अक्षर बोलले नाही.

संध्याकाळी दोन फ्रॉक धरले. तिने निळ्याकडे बघितलं. मी नेहमीसारखा निळा बाजूला ठेवला, तर बाईसाहेबांनी घर डोक्यावर घेतलं! पिवळा घालायला गेले तर अंग ताठ. वैतागून निळा पुन्हा समोर आणला, तर एकदम गप्प आणि गालात हसू.

मग आठवलं. रविवारी तिला भरवता भरवता मी यांच्यापुढे करवादले होते, हिने एकदा तरी हवं त्याच्याकडे बघितलं असतं तर ही वणवण झाली नसती. अरे, तिने ते ऐकलं आणि जन्मापासूनची भाषा एका रात्रीत बदलून टाकली. आणि ती ऐकते हेच मी विसरले. मी, जगाला ओरडून सांगणारी! रडू आवरत नाही आणि कुणावर रागवावं तेही कळत नाही.

हे तुझ्या मॅडमना सांग. मुख्याध्यापिकांना मी फोन केलाय.

तुझी,
ताई

४ जुलै

चि. राणीसरकार यांस,
मामाचे अ. उ. आ.

हे पत्र तुला आहे. आईने नुसतं वाचून दाखवायचं, मध्ये बोलायचं नाही.

निळ्या फ्रॉकची हकिगत मी मॅडमना सांगितली. त्यांनी एकच विचारलं, नवा नियम तिला कुणी सांगितला होता का? मुख्याध्यापिकांना सांगितला, तुझ्या आईबाबांना सांगितला, कागदावर सहीनिशी लिहिला. तुला सांगावं हे, पहिल्या चाचणीतही आणि या वेळीही, आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मॅडमनी निकाल फिरवला नाहीच, त्या फिरवणार नाहीत. पण 'सूचना समजल्याचं आढळत नाही' हे खोडून 'सूचना दिली गेली नाही' असं स्वतःच्या हाताने लिहिलं. मुख्याध्यापिकांचा निरोप आहे, तू वरच्याच वर्गात बसणार. त्या जरा चिडलेल्याही होत्या, बहुतेक स्वतःवर.

मॅडमना तिसरी चाचणी हवीच आहे. तिचा नियम तू ठरव. हवं ते बघणार की नको ते? येत्या रविवारी मी घरी येतोय, कॅमेरा न घेता, दोन नवे फ्रॉक घेऊन. तू मला शिकव. मी चुकलो तर मला कळेपर्यंत घर डोक्यावर घे.

तुझा, परीक्षेला बसणारा,
मामा