मोज्याची आतली बाजू

ताई,

जुले. गुडघे कसे आहेत? भाओजींचा खोकला? इकडे लाहौलमध्ये छतावरचा बर्फ परवाच लोटला. बटाटे अजून पुरत आहेत. मी बरी आहे.

छोडनही बरी आहे. माझी ही धाकटी जाऊ नेहमीच बरी असते. तिच्याविषयी लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण शेगडीशी बसलं की दुसरं काही सुचत नाही. आपल्याकडच्या बायका मोजा हातात घेतला की आधी उलटा करतात (बाहेरची नक्षी कुणालाही जमते म्हणे). रंग बदलला की लोकरीचं टोक सुटतं. मी गाठ मारते, आपल्या आईनं शिकवली तशी. छोडन ते टोक दाभणानं त्याच रंगाच्या टाक्यांतून नेते, वळवून परत आणते, ताणून बघते. तिचा मोजा उलटा घातला तरी कळत नाही. माझा उलटा केला की बोकडाची दाढी दिसते. हे मी म्हणत नाही, ती म्हणते, आणि बायका हसतात. ती माझ्या घरात सून म्हणून आली तेव्हा तिला सुई धरता येत नव्हती (येत असावी, पण तिनं सांगितलं नव्हतं).

म्हणून शेजारच्या दोर्जेच्या मुलाच्या लग्नासाठी विणलेल्या जोडीची सगळी टोकं मी अगदी मुळाशी कापली. आतून गुळगुळीत. बायकांनी उलटून पाहिलं, कुणालाच दाढी सापडली नाही. तेवढा एक दिवस मला झोप चांगली लागली. लग्नात नवरा बूट काढून लामांसमोर मांडी घालून बसला. मंत्र सुरू झाले आणि त्याचा उजवा मोजा कापलेल्या टोकापासून हळूहळू उसवत गेला, अंगठा बाहेर आला. लामांनी पाहिलं. मंत्र थांबला नाही, पण लांबला. छोडन माझ्या कानाशी आली. “जाऊबाई, अंगठ्यालाही वेगळं आवतण दिलं होतंत का?”

त्या दिवसापासून कुणी माझ्याकडे लोकर आणून दिलेली नाही.

भाओजींना नमस्कार. अंगरूपला आशीर्वाद.

तुझी,
यांगझोम

ता.क. तुझ्या अंगरूपच्या लग्नाचे मोजे तू छोडनला सांगणार आहेस असं ऐकलं. मावशी जिवंत असताना? नवरदेवाचे मोजे मीच विणणार. विणायला घेतलेही आहेत.

ता.क. दुसरा. विणून झाले. टोकं तेवढी छोडन ओवून देते म्हणाली. मी नको म्हटलं नाही. पण कुणी विचारलं तर एकच नाव सांग. ती म्हणते, एक टोक मुद्दाम लोंबतं ठेवते, नाहीतर हे जाऊबाईंचं काम आहे हे कुणाला पटायचं नाही. तू काळजी करू नकोस. ते मी पाठवण्याआधी मुळाशी कापीन.