मुठीचं मडकं

मुरुड
ता. १० जानेवारी १९६०

चि. राही हिस आजीचा आशीर्वाद.

प्रभूच्या कृपेने इकडे सर्व बरी आहोत, तांबडी कोंबडी सोडून. ती खुडूक बसली आहे.

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमनाने ते वाटेत वाचलं असणार, कारण हातात द्यायच्या आधीच सांगू लागला, राही बोटीने सिलोनला पोचली, अनाथाश्रमात मुलांचं रांधते. मी म्हटलं, बाबा, मी शुभवर्तमान अडखळत का होईना वाचते, नातीचं कार्डही वाचीन. मग तेच कार्ड घेऊन आळीभर फिरले. कोळणीलासुद्धा दाखवलं. ती म्हणाली, तिकडं बोंबील मिळतात का विचार. तर मिळतात का गो? चटणीची बरणी फुटली न्हाय ना?

आता कामाचं. देवळाच्या तरुण संघातून परदेशी सेवेला गेलेली आपल्या मंडळीची तू पहिली मुलगी. मुलगे गेले तर कुणी काही विचारत नाही. तुझ्या वेळी मात्र बुधाजी पंचांनी पाळकसाहेबांना बजावलं, की पोरीच्या नावाला जरा जरी बोल लागला तर पुन्हा एकही मुलगी जायची नाही. शेजारची मैना आत्ताच पुढल्या वर्षाची वाट बघते आहे. तेव्हा सांभाळून.

तुझ्या वाटची मूठ मी काढते आहे. लहान होतीस तेव्हापासून तांदूळ वैरण्याआधी तुझ्याच हाताने एक मूठ देवाच्या मडक्यात पडायची, आणि रविवारी उपासनेला जाताना मडकं देवळात. आता मला दोनदा हात घालावा लागतो, एकदा माझा, एकदा तुझा.

म्हातारीवर लोभ ठेव.
तुझी आजी सगुणा


सिलोन
ता. २८ जानेवारी १९६०

ती. आजीस राहीचा सप्रेम सलाम वि. वि.

बोंबील दिसले नाहीत. बरणी शाबूत आहे. पुढचं मात्र वाईट आहे.

इथे अन्नम्मा नावाची म्हातारी स्वयंपाक करते. तांदूळ धुवायचं काम माझ्याकडे होतं. पहिल्या दिवसापासून हाताने आपोआप मूठ काढली आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या मडक्यात टाकली. मडकं भरत आलं तेव्हा अन्नम्माच्या नजरेस पडलं. ती तमिळमध्ये जे ओरडली त्यातला एकही शब्द कळला नाही आणि सगळं कळलं. मेट्रनबाई आल्या. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी सांगितलं, हा देवाचा वाटा. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, तू चोर नाहीस हे मला दिसतं, पण अर्धपोटी मुलांच्या भातातून वाटा काढायला तुला कुणी सांगितलं?

मला स्वयंपाकघरातून काढलं आहे. आमच्या संघाचे पुढारी हिरामणभाऊ बरोबरच्या मुलग्यांना घेऊन दुसऱ्या गावी शाळेची भिंत बांधताहेत. ते परतले की मला घरी पाठवायचं का ते ठरेल. बाबांना सांगू नकोस. मैनाला तोंड कसं दाखवू?

लोभ कमी होऊ देऊ नकोस.
तुझी राही


मुरुड
ता. १२ फेब्रुवारी १९६०

चि. राही हिस आजीचा आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसले. चिडू नकोस. समुद्र ओलांडूनही पोरगी मूठ विसरली नाही याचा आनंद आधी झाला, बाकीचं मागून कळलं. मग पुन्हा वाचलं. मेट्रनबाईंचं बरोबर हाय. आपल्या घरी तांदूळ आपला, पोट आपलं. तिथला मुलांचा. दुसऱ्याच्या पोटातलं काढून देवाला दिलं तर देव कशाला घेईल?

बापाला मी सांगितलं. बाप हाय तुझा, त्याच्यापासून काय लपवायचं? अंबाजी म्हणाला, बोलावून घेतो. मी म्हटलं, पुढलं पत्र येईपर्यंत थांब. थांबला आहे, पण रोज चपला घालून पोस्टापर्यंत जाऊन येतो.

तू असं कर. मेट्रनबाईंकडे नको, अन्नम्माकडे जा. तांदूळ तिच्या हातात परत दे. पण मूठ सोडू नकोस. तुझं ताट वाढलं की त्यातला मूठभर भात काढ, आणि कुणाला द्यायचा ते अन्नम्मालाच विचार. गावची ती, तिला ठाऊक. तमिळ येत न्हाय ते एका परीने बरं. तू बोलू लागलीस की थांबत न्हायस.

तांबडीने पिल्लं काढली. लोभ आहे, तो वाढव.
तुझी आजी सगुणा


सिलोन
ता. १ मार्च १९६०

ती. आजीस राहीचा सप्रेम सलाम वि. वि.

तांदूळ परत दिला. अन्नम्माने तो माझ्यादेखत मुलांच्या पोत्यात ओतला, तोंड तसंच फुगलेलं. मग रोज मी माझ्या ताटातला भात केळीच्या पानात बांधून तिच्यापुढे ठेवायची आणि खुणेने विचारायची, कुणाला? ती मान फिरवायची. एके दुपारी मात्र पुडी उचलून निघाली आणि मला हाताने बोलावलं. कुंपणापलीकडे एका कोळ्याची बायको राहते. नवऱ्याची होडी परतलीच नाही, अंगावर पिणारं मूल. अन्नम्माने पुडी तिच्या हातात दिली आणि तिथेच चुलीपाशी बसून रडली. तिचाही मुलगा होडीवर असतो, हे मागून कळलं. दुसऱ्या दिवशी अन्नम्माच्या ताटाशेजारीही एक पुडी होती.

हिरामणभाऊ आले. पुड्यांचं कळल्यावर मेट्रनबाईच त्यांच्याशी बोलल्या. मी राहते आहे, आणि पुन्हा तांदूळ धुते आहे. मेट्रनबाई पाळकसाहेबांना पत्र लिहिताहेत. काय लिहितात ते सांगत नाहीत, म्हणून धाकधूक आहे.

तुझी चटणी अन्नम्माने संपवली. ठसका लागला तरी खात होती.

लोभ आहेच, तरी मागते.
तुझी राही


मुरुड
ता. १४ मार्च १९६०

चि. राही हिस आजीचा आशीर्वाद.

मेट्रनबाईंचं पत्र पाळकसाहेबांनी उपासनेनंतर सर्वांना वाचून दाखवलं. त्यात मडक्याचं सगळं होतं, तुझी चूकसुद्धा. बुधाजी पंच उठून उभे राहिले. मला वाटलं, झालं आता. त्यांनी विचारलं, पुढे काय लिहिलंय? पुढे होतं, की पुढल्या वर्षी दोन मुली पाठवा. पंच खाकरले. म्हणाले, पाठवा, पण आपल्या ताटातली मूठ काढायला शिकवून पाठवा. मैनाची आई रडायलाच लागली, आनंदाने का कशाने देव जाणे. मैना मात्र तेव्हापासून माझ्याकडे चटणी वाटायला शिकते आहे. परदेशी तीच लागते अशी तिची समजूत झाली आहे.

अंबाजी पोस्टात जायचा थांबला. आता बंदरावर जातो, मुंबईची आगबोट कधी लागते ते विचारायला.

तू वाळली असशील गो. रोज मूठ जाते म्हटल्यावर वाळणारच. तर येशील त्या दिवशी ताट मी वाढीन, आणि त्यातलं एक शीतही तू बाजूला काढायचं न्हाय. त्या दिवशी मी माझ्या ताटातली काढीन, दोघींची.

लोभ आहे तेवढा घेऊन ये, वाटेत सांडू नकोस.
तुझी आजी सगुणा