दोघांच्या हक्कांना बाध न येता

दादा, मी आज नांदेडच्या कोर्टात आलोय. पुकारा व्हायला वेळ आहे, म्हणून बाहेरच्या बाकावर बसून तुम्हाला लिहितोय. कोर्ट म्हटल्यावर तुम्हाला काळजी वाटली असती, म्हणून आधीच सांगतो, मी कुणाचं काही बुडवलेलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी दुसऱ्याच्या हाताखाली पाण्याच्या मोटारी भरत होतो, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवी तार गुंडाळत होतो. पुढं काही वर्षांनी इथंच, नांदेडला, माझं स्वतःचं वायंडिंगचं दुकान झालं. जागा भाड्याची. वकील म्हणतात भाड्याची म्हणू नका, लायसन्सची म्हणा, कारण करार अकरा महिन्यांचा असतो आणि दर वेळी नवा करावा लागतो. जागेची मालकीण लातूरची एक म्हातारी बाई आहे, मी त्यांना काकू म्हणतो. त्यांच्या नवऱ्यानं ते गाळे बांधले होते. किनवटकडची माणसंसुद्धा जळलेली मोटार जीपमध्ये टाकून माझ्याकडं येतात, बोर्डाकडं न बघता. ते दुकान आता राहतंय का जातंय, याचा हा खटला आहे.

तुमची एक शिकवण मी इतकी वर्षं पाळली. ज्याच्या छपराखाली पोट भरतो त्याला पैसे हातात द्यावेत आणि दोन शब्द बोलावेत. म्हणून मी महिन्याला एसटीनं लातूरला जायचो. काकू चहा ठेवायच्या, पैसे न मोजता डब्यात टाकायच्या आणि म्हणायच्या, "मी हाय तवर दुकान तुझंच हाय, घाबरू नको." कागदाचं त्यांनाही सुचलं नाही आणि मलाही नाही. शेवटचा करार संपून गेला तरी आमचं तसंच चालू राहिलं. मग त्यांच्या मुलानं कारभार हातात घेतला. त्यानं शेजारच्या गाळ्यांचे दर काढले आणि एके दिवशी दारातच मला थांबवलं. "पैसे घेतले की करार चालू राहिला असं होतं. वकिलानं सांगितलंय. एक तर वाढवून द्या, न्हाई तर खाली करा." मी म्हणालो, काकूंना विचारा. आतून काकूंचा खोकल्याचा आवाज येत होता, पण त्या बाहेर आल्या नाहीत.

पुढं मी जे केलं ते ऐकून तुम्ही हसाल. घेणारा घेत नाही म्हणून देणं चुकत नाही, असं मनाशी ठरवलं आणि दर महिन्याला तेवढी रक्कम पाकिटात घालून, हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवू लागलो. देवासमोर ठेवले म्हणजे दिलेच की. काकूंच्या नावानं खटला दाखल झाला, समोरच्या वकिलानं "प्रतिवादीनं इतके महिने एक रुपयाही भरला नाही" असं सांगितलं, तेव्हा मी हात जोडून उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, सगळे भरलेत. देव्हाऱ्यात आहेत." कोर्ट हसलं. तो वकील म्हणाला, "मग आमच्या पक्षकारानं ते प्रसाद म्हणून घ्यायचे का?" न्यायाधीश बाईंनी पदरानं ओठ पुसल्यासारखं केलं, पण त्याही हसत होत्या. माझा वकील कपाळ धरून म्हणाला, "अहो, कोर्टाच्या खजिन्यात, नाझराकडं भरायचे असतात, पावती मिळते." घरी आलो तर तुमची सून म्हणाली, "देवाला कशाला मधी घेतलंत? त्याला सही करता येती का?"

त्या दिवशी अंतरिम हुकूम झाला. खटला निकाली निघेपर्यंत मागचे सगळे पैसे कोर्टात भरायचे, पुढचेही महिन्याच्या महिन्याला भरायचे, आणि काकूंना ते काढून घेता येतील. चुकलं तर माझा बचावच काढून टाकणार, म्हणजे माझी बाजू ऐकूनच घेणार नाहीत. रक्कम मी देत होतो त्याहून बरीच जास्त आणि मुलगा मागत होता त्याहून कमी. शेवटी लिहिलं होतं, दोघांच्या हक्कांना बाध न येता, म्हणजे पैसे दिले किंवा घेतले म्हणून कुणाचीच बाजू पडत नाही. मला खरं तर राग आला. जिनं माझ्यावर खटला केला तिलाच वाढवून द्यायचे? मेव्हणा म्हणाला, "दाजी, एक पैसा देऊ नका. वर जाऊ. दहा वर्षं लोंबू द्या." मला ते पटतही होतं.

मग एकदा दुपारी दुकानात मोटार उघडून बसलो होतो. आत सगळं जळून काळं झालेलं, त्याचा वास आला आणि आपली विहीर डोळ्यासमोर आली. तुमची आणि काकांची सामाईक विहीर. हिश्श्याचा दावा रेणापूरला चालू होता आणि तुम्ही दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हता. मी आयटीआयला होतो, सुट्टीत आलो होतो. काकांनी लाइट बिलाचा अर्धा भाग दिलेला नव्हता. मी तुमच्याकडं आलो आणि म्हणालो, त्यांच्या पाण्याच्या पाळीला फ्यूज काढून ठेवू, आपोआप येतील वळणावर. तुम्ही बांधावर बसून विळ्यानं चारा कापताय. मान वर करत नाही. "शिकून आलास का मस्ती घेऊन आलास?" म्हणता. मग विळा बाजूला ठेवून म्हणता, "भांडान कोर्टात हाय, पानी हिरीत हाय. कोर्टातलं भांडान हिरीत आनायचं न्हाई. त्याचा ऊस वाळला तर दावा मी जिंकल्यावानी होईल व्हय?" त्यांच्या वाट्याचं बिल तुम्हीच भरलंत आणि माझ्याकडून काकांच्या घरी निरोप पाठवलात, की पाळी उद्या तुमची आहे, मोटार चालू आहे. माझी चुलती दारात उभी राहून म्हणाली, "आरं, मग भांडतात कशापायी?" त्या सुट्टीत मी तुमच्यावर रुसून होतो. भावकी तुम्हाला भोळा म्हणायची आणि मलाही तेच वाटायचं. दादा, तो हुकूम तुम्ही कोर्टाच्या किती आधी दिला होता!

पाकिटं देव्हाऱ्यातून काढली. वरच्या फरकासाठी जळक्या मोटारींचं जमवलेलं तांबं विकलं. ते आम्ही दिवाळीला ठेवतो, यंदा दिवाळी साधी झाली. नाझरानं नोटांना लागलेलं कुंकू बघितलं आणि म्हणाला, "चांगलं झालं, लक्ष्मी पूजा करून आली." तेव्हापासून एकही महिना चुकवला नाही.

पुढच्या एका तारखेला काकू स्वतः आल्या. जिना चढताना कठड्याला धरून एक एक पायरी चाचपत होत्या. मी पुढं होऊन पाया पडलो. त्यांचा वकील माझ्याकडं असं बघायला लागला जसं मी काही चोरलंय. "कोन हाय रं? तू का? लेकरं बरी हाईत?" मी विचारलं, काकू, पैसे काढून घेतलेत ना? कोर्टानं परवानगी दिली आहे. "न्हाई बाबा. ह्यो म्हनतो पैशाला हात लावला की गाळा हातचा गेला. डोळ्याचं आपरेशन हाय, ते बी तटलंय." मुलगा मान खाली घालून मोबाइल बघत होता.

मी माझ्या वकिलाला गाठलं. त्यांना म्हणालो, माझ्या वतीनं लिहून द्या, की पैसे काढले म्हणून करार चालू झाला असं मी कधी म्हणणार नाही. वकील म्हणाले, "हुकमात ते आहेच हो. पण समोरचा घाबरतोय ना, घाबरू द्या. पैसे अडकले की तंगीत येतील, तडजोडीला येतील. दुकान वाचवायची हीच वेळ आहे. तुम्ही नेमके कुणाच्या बाजूनं आहात?" मुलीचं शिक्षण, दोन कारागीर, सगळं त्या दुकानावर आहे, आणि ते म्हणत होते ते खोटं नव्हतं. मी म्हणालो, "माझ्याच बाजूनं हाय साहेब. पण त्यांची पाळी तटलीय." त्यांना काही कळलं नाही. तरी त्यांनी पुरसीस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, लिहिली, मी सही केली, कोर्टानं ती दाखल करून घेतली. काकूंनी पैसे काढले.

आज त्या काळा चष्मा लावून आल्या आहेत. मघाशी माझ्यासमोर थांबून चष्मा वर करून बघितलं त्यांनी. "अगं बया, किती वाळलास रं!" म्हणाल्या आणि पुन्हा मुलाशेजारी, त्यांच्या बाजूच्या बाकावर जाऊन बसल्या. मुलानं मला पहिल्यांदाच मान हलवून रामराम केला. खटला मात्र जिथं होता तिथंच आहे. मुलाला गाळा हवा आहे आणि कागदावर त्याची बाजू वजनदार आहे, हे मला माहीत आहे. दुकान गेलं तर पन्नाशीत पुन्हा मांडावं लागेल.

तरीही दादा, रात्री मला झोप लागते. ती तुम्ही दिलेली आहे. जमीन फारशी ठेवली नाहीत तुम्ही, पण भांडणातसुद्धा माणसानं कसं राहावं ते दाखवून ठेवलंत, आणि तेव्हा मी रुसलो म्हणून ते दाखवायचं सोडलं नाहीत.

हा कागद तुमच्यापर्यंत पोचवणारं टपाल नाही, तो खिशातच राहील. म्हणून एक गोष्ट लिहून टाकतो, जी तुमच्या सुनेलाही सांगितलेली नाही. सगळे म्हणतात, देवाला साकडं घाल, खटला जिंकू दे म्हण. हात जोडतो, पण काकूंना हरव असं तोंडातून निघत नाही, आणि दुकान जाऊ दे म्हणण्याइतका मोठा मी नाही. म्हणून मी देवाला पुढची तारीख मागतो. तारीख पडली की इथली माणसं वैतागून उठतात. मीही त्यांच्यासारखंच तोंड करतो, आणि जिना उतरताना मनात देवाचे आभार मानतो.