मेण वास धरतं

२१ ऑक्टोबर १९४४, शनिवार

पोचलो एकदाचे मुरबाडला! कल्याणहून येणारी मोटार कोळशावर चालते. वाटेत दोनदा तिनं दम टाकला आणि दोन्ही वेळा ड्रायव्हरनं खाली उतरून मागच्या भट्टीत सळई घालून तिला जागं केलं. मामंजी मात्र खूश होते. डोळे गेल्यापासून ते प्रवासात नाकानंच बाहेर बघतात. हा कापलेला भात, हा शेणाचा सडा, आता नदी येणार बघ, असं चाललं होतं. नदी खरंच आली.

घर गावाच्या टोकाला आहे. दोन खोल्या, पडवी, मागं विहीर. शेजारच्या गुणाबाईंनी सामान उतरायच्या आधीच तांदळाच्या भाकऱ्या नि भोपळ्याची भाजी आणून ठेवली. त्यांचा कुत्रा ढाण्या माझी पावलं हुंगून झाल्यावर आमच्या पडवीत असा पसरला, की भाडेकरू तोच आणि आम्ही पाहुणे.

एप्रिलात मुंबईच्या गोदीत स्फोट झाला तेव्हा मांडवीचं आमचं अत्तराचं दुकान जळलं आणि काचांनी मामंजींचे डोळे नेले. आमचे हे तर सहा वर्षांपूर्वीच गेले. उरलो सून नि सासरा. जळक्यातून वाचलेली पेटी तेवढी बरोबर आहे. तिच्यात वाळ्याच्या अत्तराच्या चार कुप्या आहेत, नि मामंजींचं नाक आहेच. एवढ्या भांडवलावर मी इथल्या मधमाश्यांच्या मेणाच्या सुवासिक मेणबत्त्या करणार आहे. रॉकेल मिळत नाही, पांढरं विलायती मेण मिळत नाही, आणि फोर्टातले आमचे जुने पारशी शेठ म्हणतात, तुम्ही करा, मी विकतो.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

पहिला घाणा बिघडला. कढत मेणात अत्तर घातलं आणि सगळा वाळा कौलांतून उडून गेला. मामंजी हसले. म्हणाले, मेण निवत आलं, साय धरायच्या बेतात आलं, की तेव्हा घाल. मेण वास धरतं, पण त्याला धरायला सवड द्यावी लागते.

विठूनं, म्हणजे गुणाबाईंच्या मालकांनी, बांबूच्या नळ्या कापून दिल्या. आतून तेलाचा हात फिरवायचा, मधोमध पिळलेली सुताची वात ताणायची, वरून ओतायचं. निवल्यावर नळी चिरली की आत सरळ, पिवळीधमक मेणबत्ती. इतका आनंद झाला की मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

आता मेणच संपलं. बाजारात विचारलं तर म्हणतात, यंदा मधाची पोळी रिकामी गेली.

३० ऑक्टोबर, सोमवार

आज बाजाराचा दिवस. सिद्धगडाच्या पायथ्याच्या पाड्यावरून बाळी नावाची बाई डोईवर टोपली घेऊन थेट दारात आली. मेणाला कोणी गिऱ्हाईक आहे असं तिला बाजारात कळलं होतं. सागाच्या पानांत गुंडाळलेलं मोठं थोरलं ढेकूळ, काळपट पिवळं. असं मेण मी पाहिलं नव्हतं.

ती म्हणाली, "हात लावू नको गो बाय. पानानंच धर, पानानंच कढईत टाक."

का, म्हणून विचारलं. म्हणाली, हे वरच्या कड्याचं. खालची पोळी रिकामी म्हणून काढलं. आमी त्याला हातात घेत नाय.

मला हसू आलं. मेण मळून पाहिल्याशिवाय त्यातली माती कशी कळणार? दोन्ही तळव्यांत घेऊन चांगलं दाबलं. गार असायला हवं होतं, पण उन्हात ठेवल्यासारखं कोमट होतं. बाळी माझ्या हातांकडे बघत राहिली. तिच्यासाठी ओतलेला चहा तसाच ठेवून गेली.

५ नोव्हेंबर, रविवार

बारा डझन झाल्या! सगळं मेण संपवलं, कढईला लागलेलंसुद्धा. मामंजींनी एक मेणबत्ती हातात घेतली, नाकाशी नेली आणि दोन्ही टोकांनी हुंगली. मग म्हणाले, वाळा आहे, पण वाळ्याखाली आणखी काहीतरी आहे. मी विचारलं, धुराचा वास का? नाही म्हणाले. मग लाजल्यासारखे हसले. "तुझा आहे गं. तू शेजारून गेलीस की येतो तो."

मीही हसले. उन्हात घाम गाळत केल्यात, येणारच. पेट्या भरून मोटारीनं रवाना केल्या. मोजताना एक कमी भरली. कुठं घरंगळली असेल.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

नथू पोस्टमननं शेठचं पत्र आणलं नि दारात उभ्या उभ्या वाचूनही दाखवलं. त्याला वाचायची भारी हौस. पाच डझन हातोहात खपल्या. शेठ लिहितात, गिऱ्हाइकं सांगतात की ही मेणबत्ती लावली की खोलीत कोणी बाईमाणूस येऊन बसल्यासारखं वाटतं. फार सोबत होते म्हणे. आणखी पाठवा.

आनंदाची बातमी. पेढे आणायला बाहेर पडले तर ढाण्या पडवीत होता. रोज पायांत घोटाळतो. आज मान वर केली नाही. मी हाक मारल्यावर दचकून उठला आणि आवाज कुठून आला ते शोधत राहिला. मी समोरच उभी होते.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

हे लिहावं की नाही कळत नाही.

सकाळी मामंजींना चहा द्यायला गेले. त्यांनी कप धरता धरता विचारलं, "कोण आहे?" मला वाटलं थट्टा करताहेत. मी म्हटलं, द्वारका. तर म्हणाले, आवाज तिचाच आहे. मग माझा हात धरून नाकाशी नेला, मनगट, कोपर, पदर. सोडून दिला. म्हणाले, तुला वासच नाही गं. भांड्याला असतो, दगडाला असतो. तुला नाही.

दुपारी मी माझं कालचं लुगडं हुंगलं. दिवसभर चुलीपुढं बसले होते त्यात. घाम नाही, धूर नाही, काही नाही. नवं कापडसुद्धा खळीचा वास देतं.

२७ नोव्हेंबर, सोमवार

बाजारात बाळीला गाठलं. तिनं मला ओळखायला वेळ लावला. ओळखल्यावर तिचा चेहराच उतरला. मेण कुठंय म्हणाली. मी सांगितलं, सगळं ओतलं, मुंबईला गेलं, तिथं लोक जाळताहेत.

तिनं टोपली खाली ठेवली आणि सांगू लागली. तिची मोठी बहीण सोमी. तिनं ते मेण हातानं मळून दिव्यात घातलं होतं. लोक म्हणतात, सोमीला वाघानं नेली. "वाघानं नाय नेली गो. चुलीपाशीच बसलेली होती. आमाला दिसायची बंद झाली. महिनाभर रोज कुनीतरी चूल सारवून ठेवायचं. मग तेबी थांबलं."

मेण पहिला हात ज्याचा लागेल त्याचं होतं. जेवढं जळेल तेवढा माणूस जातो. जळलं ते परत येत नाय. पण जे उरलंय ते आण, एक का असंना. मी कड्याखाली नेऊन ठेवीन, मग तू आहेस तेवढी राहशील.

रागही येईना. तिनं सांगितलं होतं. मीच हसले होते.

घरी येताच शेठना पत्र टाकलं. उरलेला माल परत पाठवा, ताबडतोब, एकही विकू नका.

४ डिसेंबर, सोमवार

उत्तर नाही. आज दुसरं पत्र टाकलं. गुणाबाई मला बघून दोनदा विचारतात, कधी आलात? मी इथंच असते. आरशात दिसते मी. फिकी, पण दिसते.

मामंजींच्या जवळ गेले की खोकते, म्हणजे त्यांना कळावं. काल खोकलेलंही ऐकू गेलं नाही त्यांना.

१२ डिसेंबर, मंगळवार

उत्तर आलं. नथूनं वाचून नाही दाखवलं. पडवीत ठेवलं, इकडंतिकडं पाहिलं, "कुनी नाय का घरात?" म्हणून गेला. मी दारात होते.

शेठना वाईट वाटतं. माल परत होणं शक्य नाही. मलबार हिलच्या एका मडमेनं उरलेल्या सगळ्या नेल्या. नाताळच्या दुपारी तिच्याकडं मोठी मेजवानी आहे. पडदे ओढून साऱ्या एकदम लावणार आहेत.

साऱ्या. एकदम.

१८ डिसेंबर, सोमवार

मुंबईला स्वतः जायचं ठरवलं. मडमेचं घर शोधायचं, पाया पडायचं, काय वाटेल ते करायचं.

मोटारीत खिडकीजवळ बसले. कंडक्टर माझ्यावरून हात लांबवून पलीकडच्याला तिकीट देऊन गेला. मग एक माणूस चढला आणि त्यानं आपलं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं. रिकाम्या जागी ठेवावं तसं. मी ओरडले. जिवाच्या आकांतानं ओरडले. कोणी मान वळवली नाही. गाठोडं जड नव्हतं. ते हळूहळू माझ्यातून खाली बाकड्यावर टेकलं —

मी उतरले. कशी उतरले आठवत नाही.

२० डिसेंबर, बुधवार

एक आहे! घरातच आहे!

कमी भरलेली ती. मामंजींनी ठेवून घेतली होती, उशाखाली. आज दुपारी काढून छातीशी धरून बसले होते आणि तिच्याशी बोलत होते. जेवलीस का विचारत होते.

सोमवारी बाळी बाजाराला येईल. तिच्या हातात ही पडली पाहिजे. बस, एवढंच. पाच दिवस.

२२ डिसेंबर, शुक्रवार

घ्यायला गेले. हलकेच, ते झोपलेले असताना. बोटांत धरवत नाही. मेण निसटतं, वाफ धरावी तसं. ते जागे झाले, चोर चोर म्हणून ओरडले. गुणाबाई धावत आल्या. माझ्या अंगावरून चालत गेल्या. अंगावरून नव्हे —

भांडं उचलत नाही. पेन्सिल तेवढी धरवते, तीही दोन्ही हातांनी.

गुणाबाई विठूला सांगत होत्या, सून पळाली. आंधळ्या म्हाताऱ्याला टाकून मुंबईला गेली, कुणाचा हात धरून. मामंजी ताडकन म्हणाले, ती इथंच आहे. मला वास येतो. आणि मूठ छातीशी घट्ट धरली. त्या दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

२५ डिसेंबर, सोमवार

सकाळी अजून पायांखाली जमीन लागते. बाळीची वाट बघते आहे.

बारा वाजले. आता तिकडं पानं मांडली असतील. त्यांच्यात पानं नसतात, काय असेल ते.

लागल्या.

एकेक नाही, साऱ्याच. पोटातून कोणी दोरा ओढून काढावा तसं. दुखत नाही. दुखलं असतं तर बरं.

बाळी आली होती! फाटकात उभी राहून हाका मारल्या. मी तिच्यासमोर, तिच्या नाकासमोर. गुणाबाईंनी सांगितलं, ती गेली पळून. बाळी रडली. टोपली उचलली. गेली. मी मागं धावले, फाटकापुढं जाता येईना. मेणबत्ती घरात आहे म्हणून. तिच्यापासून लांब नाही जाता येत.

आरशात भिंत आहे.

२६ डिसेंबर, मंगळवार

नथू, तुझ्यासाठी लिहिते. तुला वाचता येतं. आज टपालाचा दिवस. वही ओढत ओढत पडवीत आणली आहे, अर्धी सकाळ गेली तेवढ्यात. हे पान वाच. मामंजींच्या हातातली मेणबत्ती घे. पेटवू नको. पेटवू देऊ नको. सिद्धगडाखालच्या बाळीला दे. मी पळाले नाही. मी कुठंही गेले नाही —

मामंजी गुणाबाईंशी बोलताहेत. काय मागताहेत?

काडेपेटी. देवापुढं दिवा लावतो म्हणाले. गुणाबाईंनी दिली, त्या गेल्या.

देवापुढं नाही. खाटेवरच बसलेत. मेणबत्ती नाकाशी. वास उतरला म्हणताहेत. गार मेण वास देत नाही, ऊब द्यावी लागते. त्यांना ठाऊकच आहे. त्यांनीच मला —

हाका मारते आहे. मामंजी. मामंजी.

सायकलची घंटा. नथू! कोपऱ्यावर, चिंचेखाली. उतरून कुणाशी बोलतो आहे. ये रे. ये लवकर

पहिली काडी मोडली.

दुसरी पेटली, वात सापडत नाही त्यांना, बोट भाजलं, टाकली.

नथू फाटकात. सायकल लावतो आहे. वही इकडं, नथू, पायाशी बघ

तिसरी.

मामंजी हसले. किती दिवसांनी. शेजारची चादर हातानं सारखी केली. बस म्हणताहेत. तिथं हवेशी बोलताहेत. मी तिथं नाही हो मामंजी, मी इथं दारा